चाळीतल्या खोलीत केलेला पहिला अल्बम स्टुडिओत पुन्हा करायचा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली. एप्रिल ते जून तुम्ही तिथे 11 मराठी गाणी रेकॉर्ड केलीत, एकूण 38 मिनिटं. एक इलेक्ट्रिक गिटार, एक अकूस्टिक, ड्रमच्या जागी पत्र्याची ट्रंक आणि तुमचा आवाज. दोन गाणी दीड-दीड मिनिटाची, एक 9 मिनिटांचं आणि त्याच्या सुरुवातीला आजींची ओवी. सात गाणी इंटरफेसवर (माइक संगणकाला जोडणारा डबा) एका कंडेन्सर माइकने, चार थेट फोनवर. मागे नळ, जिना, शेजारी असे सगळे आवाज आलेत. एका स्टुडिओने 1,20,000 रुपयांत सगळं नव्याने 'स्वच्छ' करून देतो म्हणून सांगितलंय आणि तुमची बचत साधारण तेवढीच आहे. मित्र म्हणतात अल्बम कोण ऐकतो, एकेक सिंगल काढ. दिवाळीनंतर चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करायची आहे.

हे शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या मते सगळ्यात तातडीचं तेच आहे. त्याच्याकडे येतेच, पण आधी बाकीचं.

मी 1998 पासून मुंबईत रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करते. सुरुवात अंधेरीतल्या एका स्टुडिओत केबली गुंडाळण्यापासून झाली, आता गोरेगावात माझी स्वतःची छोटी खोली आहे. जाहिराती, मालिका, भजनं यांवर घर चालतं आणि वर्षाला दोन-चार पहिले अल्बम करते, ते मनापासून. तुम्ही दिलेली तीन गाणी हेडफोनवर दोनदा आणि स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरवर एकदा ऐकली. पुढे लिहितेय ते त्या तीन गाण्यांच्या आधारावर. उरलेल्या आठांबद्दल माझा अंदाज चुकू शकतो.

तुम्ही विचारलंय, घर की स्टुडिओ. मला वाटतं जागेचा निर्णय नंतरचा. आधी हे ठरवायला हवं की या रेकॉर्डिंगमधल्या कुठल्या गोष्टींवर गाणं उभं आहे आणि कुठल्या नुसत्याच त्या वेळी तिथे हजर होत्या. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, दोन्हींना लोक 'नॉइज' म्हणतात. पहिल्यांना हात लावला की गाणं कोसळतं. दुसऱ्या तशाच ठेवल्या तर ऐकणारा कंटाळतो.

हे मी एका चुकीतून शिकले. बारा-तेरा वर्षांपूर्वी परळचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. त्याचं एक गाणं पहाटे पाचला, पाणी यायच्या वेळी रेकॉर्ड केलेलं होतं. घरचे झोपलेले, मोरीत नळाखाली बादली लावलेली आणि हा मोरीच्या उंबऱ्यावर गिटार घेऊन बसलेला. बादली भरत जाते तशी तिच्यातली मोकळी जागा कमी होते आणि पाण्याच्या आवाजाचा सूर चढत जातो, हे आपण सगळेच रोज ऐकतो. तो सूर अख्ख्या गाण्याखाली हळूहळू वर सरकत होता. मी म्हटलं, गाणं सुंदर आहे, पण हे पाणी काढू या, स्टुडिओत नीट करू. त्याने ऐकलं. आम्ही गाण्याची लय मोजली, मिनिटाला 87 ठोक्यांवर क्लिक, म्हणजे कानात वाजणारी ठेक्याची टिकटिक, लावली आणि दोन दिवस खपून स्वच्छ रेकॉर्डिंग केलं. त्यात काहीही चूक नव्हती. तरी गाणं मेलेलं होतं.

का, ते मला आठवड्याने कळलं. मूळ रेकॉर्डिंग कडव्याकडव्याने मोजलं तेव्हा दिसलं की ते 84 ला सुरू होतं आणि 91 ला संपतं. बादली भरायच्या आत गाणं संपवायचं होतं, कारण भरली की उठून नळ बंद करायला हवा, नाहीतर पाणी सांडून घरचे उठणार. ती घाई त्याच्या गळ्यात होती. शेवटच्या कडव्यात तो श्वास अपुरा घेत होता आणि त्याच अपुऱ्या श्वासाने ओळीला धार येत होती. मी 87 ची क्लिक लावली तेव्हा ती घाईच पुसून टाकली. शेवटी आम्ही मूळ रेकॉर्डिंग ठेवलं, फक्त शब्द थोडे पुढे आणले. त्याचे स्टुडिओचे पैसे मात्र गेले आणि ते माझ्या सल्ल्याने गेले.

तेव्हापासून मी एक परीक्षा करते, तुम्हीही करा. प्रत्येक गाण्यातला प्रत्येक परका आवाज कागदावर लिहा: किती मिनिट किती सेकंदाला, कसला आवाज. मग स्वतःला विचारा, गाताना मला तो ऐकू येत होता का आणि त्यामुळे मी काही वेगळं केलं का? थांबलो, जोर दिला, ओळ खाली घेतली? उत्तर 'हो' असेल तर तो आवाज गाण्याचा आहे. तुमच्या दुसऱ्या गाण्यात जिन्यावरून कोणीतरी खाली जातं आणि तुम्ही पावलं लांब जाईपर्यंत पुढची ओळ धरून ठेवता. ती पावलं काढली तर तिथे नुसती एक विचित्र फट उरेल आणि ऐकणाऱ्याला वाटेल तुम्ही शब्द विसरलात. ती पावलं ठेवा.

घरात केलेला अल्बम म्हणजे कच्चा अल्बम हा समज जुना आहे, आणि तो खोटा ठरवणारी उदाहरणंही जुनीच आहेत. अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी 1982 मध्ये न्यू जर्सीतल्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर बँडला दाखवायला म्हणून गाणी रेकॉर्ड केली. नंतर बँडबरोबर स्टुडिओत तीच करून पाहिली, पण कॅसेटमध्ये होतं ते तिथे येईना. शेवटी ती कॅसेटच 'नेब्रास्का' म्हणून त्याच वर्षी बाहेर आली. टेपवरचा आवाज इतका हलका होता की त्यावरून रेकॉर्डची तबकडी कोरायला तंत्रज्ञांना फार त्रास झाला. पण त्यांनी खटपट केली ती आहे ते टिकवण्यासाठी. पहिल्या अल्बमचंच उदाहरण हवं तर बॉन इव्हेरचा घ्या. त्या नावाने गाणाऱ्या जस्टिन व्हर्ननने 2006-07 च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या वडिलांच्या शिकारीच्या केबिनमध्ये एकट्याने केलेली ती गाणी, 2007 मध्ये आधी स्वतःच काढलेली.

पण तिसरं उदाहरण उलट्या बाजूचं आहे आणि तुमच्यासाठी मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. अमेरिकी गायिका लिझ फेअरने 1991 मध्ये घरी कॅसेटवर स्वतःची गाणी रेकॉर्ड केली होती. 1993 मध्ये तिचा पहिला अल्बम 'एक्झाइल इन गायव्हिल' आला, तेव्हा त्यातली काही गाणी त्या कॅसेटमधली होती, पण ती निर्माता ब्रॅड वुडबरोबर शिकागोत स्टुडिओत नव्याने केलेली. मग त्या अल्बमचा वेगळेपणा टिकला कशामुळे? एक तर वाद्यांचा संसार आटोपशीर ठेवला, आवाज गुळगुळीत केला नाही. आणि दुसरं, रोलिंग स्टोन्सच्या 1972 च्या 18 गाण्यांच्या दुहेरी अल्बमला एकेका गाण्याने उत्तर द्यायचं, अशी रचना तिने स्वतःला घालून घेतली होती. म्हणून त्यातही 18 गाणी. वेगळेपणा खोलीच्या आवाजात नव्हता, गाणी एकमेकांशेजारी ठेवण्यामागच्या विचारात होता. असा वेगळेपणा स्टुडिओत हरवत नाही.

म्हणून तुमचा वेगळेपणा कुठे आहे ते आधी ओळखा. तीन गाण्यांवरून मला तो दोन ठिकाणी दिसतो: वेळेत आणि जागेत. पहिलं गाणं रात्रीचं, दुसरं पहाटेचं, तिसरं भर दुपारचं, हे कुठल्याही शब्दाविना कळतं. अकराही गाणी अशीच असतील तर तुम्ही चाळीचा एक अख्खा दिवस रेकॉर्ड केलाय. तसं असेल तर सरसकट स्टुडिओत जाऊ नका. नसेल, उरलेल्या आठांत खोलीचं काही काम नसेल, तर ती आठ स्टुडिओत करायला माझी काहीच हरकत नाही.

आता जे खरंच दुरुस्त करायला हवं ते.

तिसऱ्या गाण्यात गिटारखाली जी घुर्र आहे ती विजेची आहे. आपल्याकडचा वीजपुरवठा 50 हर्ट्‌झचा, त्यामुळे ही घुर्र 50, 100, 150 अशा पायऱ्यांवर बसते. गिटारची सगळ्यात जाड तार 82 हर्ट्‌झच्या आसपास वाजते, म्हणजे घुर्र कापायला गेलं की गिटारचं अंगही कापलं जातं. सॉफ्टवेअरने ती कमी करता येते, पण मुळात न येऊ देणं सोपं. जुन्या चाळींत अर्थिंग नीट नसतं, तिथून सुरुवात करा आणि इलेक्ट्रिशियनला दाखवा. घुर्र जाते म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे लोक मी पाहिलेत. गिटारच्या तारा हातात आणि माइक ओठाशी असताना हे जिवावर बेतू शकतं, ते कधीही करू नका. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. पंख्याचा रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक असेल तर मधल्या वेगावर तो गिटारच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या भागात, किरकिर सोडतो, म्हणून पंखा बंद ठेवा किंवा पूर्ण वेगावर. गिटार हातात धरून जागेवरच हळूहळू गोल फिरा, एका दिशेला घुर्र सगळ्यात कमी होते. त्या दिशेला तोंड करून बसा.

फोनवरच्या चार गाण्यांची अडचण वेगळी आहे. फोन आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करतो. तुम्ही थांबलात की मागचा पंखा फुगून वर येतो, तुम्ही गायला लागलात की दबतो. एकदा असं झालं की ते पूर्ण परत उलटवता येत नाही. ही चार गाणी पुन्हा करावी लागतील असं मला वाटतं, पण त्याच खोलीत, त्याच वेळी. माइक आणि चांगला प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र) मुंबईत भाड्याने मिळतो. दोन दिवस घरी आणा. गाण्याला स्टुडिओत नेण्यापेक्षा स्टुडिओतली दोन यंत्रं गाण्याकडे आणणं तुमच्या बाबतीत स्वस्तही आहे आणि योग्यही. नवं रेकॉर्डिंग जुन्याइतकं उतरलं नाही तर जुनं फोनवालं ठेवा. खराब आवाजातलं खरं गाणं लोक ऐकतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

दुसऱ्या गाण्यात 1 मिनिट 40 सेकंदाच्या आसपास शेजारच्या घरातून रेडिओवरचं चित्रपटगीत येतं. ऐकायला फार गोड आहे, तुमच्या गिटारच्या सुराला योगायोगाने जुळतंही. तरी ते काढावंच लागेल. ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट आपल्या कायद्यात प्रकाशनानंतर 60 वर्षं चालतो आणि ऑनलाइन सेवांची यंत्रणा मागे पुसट वाजणारं गाणंही ओळखू शकते. गाणं अडवलं गेलं तर तुमचा अख्खा अल्बम लटकेल. तो एवढाच तुकडा पुन्हा गाऊन जोडा, म्हणजे जिन्यावरची पावलं आहेत तशी राहतील. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, चाळीत एवढं ऐकतात. शेजारच्या काकूंची हाकही आलीय त्या गाण्यात. ती ठेवायची असेल तर त्यांना ऐकवा आणि एका कागदावर त्यांची संमती घ्या. आजींचंही तसंच. ओवी परंपरेची असली तरी गळा त्यांचा आहे, तेव्हा गायिका म्हणून त्यांचं नाव अल्बमवर हवं.

शब्दांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मराठी रॉकमध्ये सगळ्यात जास्त मार इथे बसतो. मी कॉलेजात असताना धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक ऐकायला जायचे. तिथे ऐकलेलं रॉक जवळजवळ सगळं इंग्रजी होतं. आवाज गिटारमध्ये बुडवायचा, शब्द अर्धे कळले तरी चालतील, ही मिक्सिंगची सवय आम्ही तिथूनच उचलली. इंग्रजीत ते खपतं, कारण ऐकणारे ती गाणी आधीच पाठ करून आलेले असायचे. तुमचं गाणं कोणालाच पाठ नाही. पहिल्यांदा ऐकताना ओळ कळली नाही तर गाणं गेलंच.

त्यात मराठीचे स्वतःचे हट्ट आहेत. बोलताना आपण 'मन' म्हणतो तेव्हा शेवटचा अ गिळतो, पण गाताना तो पुष्कळदा उच्चारला जातो. तुम्ही काही ठिकाणी तो उच्चारता आणि काही ठिकाणी रॉकच्या झटक्यात तोडता. पहिल्या गाण्यात धृपदाला एकदा उच्चारलाय, दुसऱ्यांदा तोडलाय. दोन्हींपैकी कुठलंही चालेल, पण कुठे काय हे ठरवून करा. ऱ्हस्व अक्षर जोरावर आलं की ते ओढलं जातं आणि 'दिन' चा 'दीन' होतो, म्हणजे दिवसाचा गरीब माणूस. ओळी क्लिकशिवाय, नुसत्या बोलून म्हणा. बोलताना जिथे जोर येतो तिथे ठेका आणा, उलटं करू नका. आणि मिक्समध्ये, डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका केलेली गिटार 2 ते 4 हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात मांडी ठोकून बसते. व्यंजनांची धार तिथेच असते. गाण्याच्या वेळी गिटारचा तो पट्टा थोडा खाली घ्या, आवाज वाढवायची गरजच पडणार नाही. झालं की नाही ते पाहायला, गाणं न ऐकलेल्या एखाद्या माणसाला ते एकदाच ऐकवा आणि कळेल ते लिहायला सांगा. माझ्याकडे हे काम आमच्या इमारतीतल्या एक निवृत्त शिक्षिका करतात. त्या जिथे रिकामी जागा सोडतात तिथे मी परत मिक्स उघडते.

ट्रंकबद्दल स्टुडिओवाल्यांचं म्हणणं असं दिसतंय की 'खरे ड्रम' लावू. माझं स्पष्ट मत, नको. तुमची ट्रंक ड्रमची गरीब नक्कल करत नाहीये. झाकणावर मारता तेव्हा आतल्या वस्तू मागोमाग खुळखुळतात आणि तो खुळखुळ दर वेळी वेगळा असतो. तिला तळाचा भरणा कमी पडतो हे खरं. त्यावर उपाय असा: ट्रंक जमिनीवरून उचलून लाकडी पाटावर ठेवा, आत एक जुनी गोधडी अर्धवट घाला आणि कोपऱ्यात भिंतींजवळ वाजवा, कोपऱ्यात खालचे सूर फुगतात. 9 मिनिटांच्या गाण्यात शेवटी ड्रम हवेतच असं वाटलं तर ड्रमरला तुमच्या रेकॉर्डिंगवर वाजवायला लावण्याआधी जॅम रूममध्ये त्याच्यासोबत चार-पाच बैठका करा. क्लिकशिवाय गायलेल्या गाण्याचा श्वास त्याच्या अंगात उतरायला तेवढा वेळ लागतो.

अल्बम की सिंगल, यावर मी लांबण लावत नाही. तुमची गाणी दिवसाच्या वेळांनी बांधलेली असतील तर अल्बमच काढा आणि त्यातली दोन आधी सिंगल म्हणून सोडा. यात भांडण काहीच नाही. स्पॉटिफायच्या संपादकांकडे एका वेळी एकच न प्रकाशित झालेलं गाणं सुचवता येतं, तेही किमान 7 दिवस आधी, म्हणून पहिलं सिंगल नीट निवडा. तिथे 30 सेकंद ऐकलं की एक वेळ मोजली जाते आणि 2024 पासून 12 महिन्यांत 1,000 वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याचा मोबदलाच मिळत नाही. दीड मिनिटाची गाणी या हिशोबात अजिबात कमी पडत नाहीत. पण पैशांची आशा मात्र यावर ठेवू नका. गीतकार आणि संगीतकार म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्या, आणि कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क कायद्याने राखलाय हे लक्षात ठेवून कुठल्याही करारावर सही करा.

मास्टरिंग, म्हणजे मिक्स झालेल्या गाण्यांवरचा शेवटचा हात, करणाऱ्याला अकरा गाणी एकत्र द्या, सुटी सुटी देऊ नका. स्पॉटिफाय साधारण उणे 14 लफ्स (LUFS, ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप) या पातळीला आवाज आणतं, पण अल्बम सलग ऐकताना सगळ्या गाण्यांना एकच फरक लावतं. म्हणजे पहाटेचं गाणं हलकं आणि दुपारचं मोठं, हे तुम्ही ठेवलेलं अंतर तसंच राहतं. पहाटेचं गाणं जोरात करून घेण्याचं काही कारण उरत नाही.

पैशांचं म्हणाल तर 1,20,000 सगळे रेकॉर्डिंगवर घालू नका. भाड्याचा माइक, चांगल्या माणसाकडून मिक्स आणि मास्टर यात निम्म्याच्या आतबाहेर काम व्हावं. कोणाकडून करून घेता त्यावर हे अवलंबून आहे आणि घासाघीस करायला लाजू नका. उरलेले अल्बम आल्यावर गाणी प्रत्यक्ष गायला लागतील तेव्हा लागणार आहेत.

आता चाळ.

तुम्ही दिवाळीनंतर तिथे नसणार. म्हणजे एखादा तुकडा पुन्हा गावा लागला तर खोली मिळणार नाही. म्हणून सगळ्या निर्णयांच्या आधी, या महिन्यातच, खोलीच रेकॉर्ड करून ठेवा. दोन प्रकारे. एक, नुसती शांतता: खोलीत, गॅलरीत, जिन्यात, मोरीत, प्रत्येक ठिकाणी किमान दोन मिनिटं, कोणी न बोलता. पहाटे पाण्याच्या वेळी, भर दुपारी आणि रात्री साडेअकरानंतर. उद्या एखादी ओळ दुसरीकडे गाऊन जोडावी लागली तर तिच्याखाली हीच शांतता घालता येते, सांधा कळत नाही. दोन, खोलीचं घुमणं: माइक जिथे होता तिथेच ठेवा आणि तुमचं तोंड जिथे होतं तिथे एक मोठा फुगा फोडा. गेन, म्हणजे माइकची पातळी, अगदी कमी ठेवा, फुगा फार मोठ्याने फुटतो. आवाज पूर्ण विरेपर्यंत हलू नका. प्रत्येक जागी चार-पाच फुगे. या रेकॉर्डिंगमधून खोलीचा ठसा काढता येतो आणि पुढे कुठेही गायलेला आवाज कॉन्व्हॉल्यूशन रिव्हर्ब नावाच्या सॉफ्टवेअरने त्या खोलीत नेऊन ठेवता येतो. हे फोनवर करू नका, इंटरफेसवरच करा. फुगे दुपारी फोडा आणि मजल्यावर सगळ्यांना आधी सांगा, वयस्कर माणसं दचकतात.

गणपतीचे दिवस यातून वगळा. लालबागमध्ये तेव्हा दोन मिनिटांची शांतता मिळणार नाही आणि मांडवातली गाणी मागे आली की पुन्हा तोच कॉपीराइटचा प्रश्न.

एक गोष्ट मात्र चुकवू नका: हे सगळं सामान बांधायच्या आधी करा. गाद्या, गोधड्या, दोरीवरचे कपडे, मांडणीवरची भांडी या सगळ्यांनी तुमच्या खोलीचा आवाज घडवलाय. कपाट हललं, गाद्या गेल्या की तीच खोली रिकाम्या डब्यासारखी घुमायला लागते आणि तुमच्या गाण्यांतली खोली राहत नाही.

भाड्याचा माइक घरात असेल त्या दोन दिवसांत आजींनाही एकदा बसवा, ओवी म्हणताना त्या जिथे बसल्या होत्या त्याच जागी, भिंतीला पाठ टेकून. पंखा बंद, माइक त्यांच्या तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला. हे रेकॉर्डिंग आहे असं सारखं सांगू नका. आधी चहा होऊ द्या, मशीन चालूच ठेवा आणि त्यांना आठवतील तेवढ्या ओव्या म्हणू द्या. अल्बमला एकच लागणार आहे, पण थांबवू नका.